आधीपासनंच अशी

शंभूने बायकोला माहेरी आणून सोडलं ते भर दुपारी, सगळी गल्ली ओट्यावर बसलेली असताना. मोटारसायकल त्याने बंदसुद्धा केली नाही. राजेश्वरी मागून उतरली, तिची पिशवी त्याने पायरीवर ठेवली आणि दारात आलेल्या मेव्हण्याच्या तोंडाकडे न बघताच तो म्हणाला, "तुमचं माणूस तुमाला. आमाला फसवलं तेवढं बास झालं."

रणधीर खवळून खाली उतरेपर्यंत गाडी वळलीसुद्धा होती. मग त्याचा राग जिच्यावर निघायचा तिच्यावरच निघाला.

"आत हो," तो बहिणीवर ओरडला. "तमाशा दावायलीस व्हय गावाला?"

राजेश्वरीच्या कपाळावर पट्टी होती. ती कशाची, हे घरात आधी कुणी विचारलंच नाही. वहिनी अर्पिता पिशवीकडे बघत राहिली. किती दिवसांचे कपडे असतील याचा अंदाज घेत होती. आई द्वारकाबाई पदर तोंडाला लावून रडायला लागली, पण ते रडणंही लेकीच्या कपाळासाठी नव्हतं.

"आता कुठल्या तोंडानं बाहीर निघू गं बाई," ती म्हणत होती. "लोक थुंकतेल तोंडावर."

राजेश्वरी भिंतीला टेकून उभी राहिली. तिला तहान लागली होती. पाणी मागावं की नको, हे तिला ठरवता येईना.

ती अशी का होती याचं उत्तर गावाकडे एका शब्दात होतं: येडी. येडी राजी. चालायला उशिरा लागली, बोलायला त्याहून उशिरा. शाळेत मागच्या भिंतीपाशी बसून बसून चौथीपर्यंत ढकलली गेली आणि मग शाळेनेच हात जोडले. घड्याळ तिला कधी कळलं नाही. एक काम सांगितलं तर ती मन लावून करायची. दोन सांगितली की एक हातून सुटायचं, तीन सांगितली तर तिन्ही सांडायची. वडील, बलभीम, होते तोवर "पोरगी गरीब हाय आमची" म्हणून वेळ मारून न्यायचे. ते गेल्यावर तेवढंही म्हणणारं कुणी उरलं नाही. पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावायची पद्धत रणधीरने पाडली, आणि आईने ती मोडली नाही.

आईचा सगळा भरवसा येरमाळ्याच्या डोंगरावर. दर चैत्रात लेकीला घेऊन ती तिथल्या येडाई देवीच्या पायऱ्या चढायची. नवस बोलायची, अंगारा लावायची, मंगळवार-शुक्रवार स्वतः धरायची आणि लेकीलाही धरायला लावायची. "यंदा बरी हुशील," दरवर्षी म्हणायची. राजेश्वरी उपाशीपोटी वाट बघायची. बरं होणं म्हणजे नक्की काय होणार ते तिला माहीत नव्हतं. एक दिवस सकाळी उठल्यावर सगळ्यांसारखं भराभर कळायला लागेल, असं काहीतरी तिच्या मनात होतं. कुणी बाई कधी कौतुकानं म्हणायची, "देवीचंच नाव घेऊन बोलवत्यात तुला लोक, येडाईची येडी," तेव्हा तिला त्या बाईच्या अंगावर धावून जावंसं वाटायचं.

लग्न जमलं तेही असंच, कडी लावल्यासारखं. भूम गावात भुसार दुकान असलेले रेवणसिद्धअण्णा दोन्हीकडचे ओळखीचे. त्यांनी भूमच्या पलीकडच्या एका गावातलं स्थळ सुचवलं. मुलगा वयानं थोराड, पण घरी म्हशी, खव्याच्या भट्टीला दूध घालणारं घर. रणधीरने बहिणीला बजावलं: मान खाली, तोंड बंद, कुणी बघितलं तर हसायचं. पोहे अर्पिताने केले, दाखवायला काढलेल्या रुमालावरची नक्षी अर्पिताची, आणि पाहुण्यांनी काही विचारलं की "लई लाजाळू हाय ओ" म्हणून उत्तरंही अर्पितानेच दिली. राजेश्वरीला फक्त नाव सांगायचं होतं. ते तिनं बरोबर सांगितलं.

सासरी हे किती दिवस झाकणार होतं? पहिले काही दिवस शंभू हसायचा. बाजारातून येताना जिलबी आणायचा, बायकोनं चहात मीठ घातलं तरी "सवय हुईल" म्हणून पिऊन टाकायचा. त्याची आई, गोदाबाई, हसणारी नव्हती. ती एका दमात चार कामं सांगायची आणि चौथं झालं नाही की आधीच्या तिन्हींचाही पंचनामा मांडायची. आधी घरात, मग ओट्यावर, मग गल्लीत. "येडं गळ्यात मारलं की गं आमच्या," असं गोदाबाई सांगत सुटली आणि हळूहळू शंभूच्या हसण्याचा आवाजच बंद झाला. चार माणसांत "तुझी बायको तसली हाय म्हणं" हे ऐकून घ्यायची ताकद त्याच्यात नव्हती.

एका सकाळी भट्टीवर न्यायच्या दुधाच्या कॅनमध्ये राजेश्वरीने ताक ओतलं. ताक दुसऱ्या भांड्यात काढ, दूध कॅनमध्ये भर, आणि जाता जाता म्हशीला पेंड घाल, असं सांगितलेलं होतं. सगळी कॅन नासली. गोदाबाईच्या हातात चुलीची लोखंडी फुंकणी होती. तिनं आधी दंडावर मारली, मग डोक्यात. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं. शंभू दारात उभा होता. राजेश्वरीनं त्याच्याकडे बघितलं. तो तिथंच उभा राहिला.

पट्टी कशाची, हे रणधीरला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि ते कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा रागरंग बदलला.

"डोक्यात मारलं? फुंकणीनं?" त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. बहिणीची जखम त्याने पहिल्यांदाच नीट बघितली, गिऱ्हाईक माल बघतं तशी. "मग झालं तर. आमी फसवलं म्हणतेत व्हय, आता बघतोच. लग्नाआधी ही चांगली हुती, ह्यांनी मारून मारून डोकं बिघडवलं. मुकाट नांदवायला न्हेतेत का पोलिसात येतेत, इचारतो."

"पण तसं न्हाय रे..." द्वारकाबाई म्हणाली.

"तू गप बस. ही जलमभर हितं बसली तर पुढं आपल्या घरी सोयरीक कोण करील?"

अर्पिताने मान डोलावली. हे तिचंच वाक्य होतं; रात्री नवऱ्याच्या कानात घातलेलं.

तसं डॉक्टरकडून लिहून आणावं म्हणून रणधीर आईला आणि बहिणीला घेऊन धाराशिवला गेला. दवाखान्याच्या बाकड्यावर दुपार झाली तेव्हा नंबर लागला. डॉक्टर म्हणजे एक बाई होत्या, थकलेल्या, तिरसट. त्यांनी कपाळ बघितलं. कुणी मारलं ते विचारलं. "मारल्याचं मी लिहून देते, तक्रार द्यायची तर जरूर द्या," म्हणाल्या. मग राजेश्वरीला समोर बसवून काय काय विचारलं, चौकोन काढायला लावला, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. आणि आईकडे वळल्या.

"ही चालायला कधी लागली?"

द्वारकाबाईनं आधी लेकाकडे बघितलं. "येळेवरच की."

"खरं सांगा. माझ्याकडे बाहेर रांग आहे."

"...तीन वर्साची झाल्यावर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तेच. हे जन्मापासूनचं आहे. मारामुळं झालेलं नाही, आणि वेड तर नाहीच. बुद्धीची वाढ कमी आहे. शिकते, पण हळू शिकते. एका वेळी एक गोष्ट सांगायची. परत परत सांगायची."

"औषध काय हाय?" रणधीरने दात आवळून विचारलं.

"याला औषध नाही."

एवढा वेळ चौकोनाकडे बघत बसलेली राजेश्वरी एकदम बोलली. चारचौघांत ती आपणहून बोलत नसे, म्हणून आईही दचकली. "म्हंजी म्या बरी हुत न्हाय?"

डॉक्टरांनी दाराकडे हात करून पुढच्या पेशंटला बोलावलंसुद्धा होतं. त्या जाता जाता बोलल्यासारखं बोलल्या. "आजारच नाही तर बरं काय व्हायचं? आहेस तशी आहेस."

रणधीर बाहेर आल्यावर डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आपल्या दुसऱ्या कामाला निघून गेला. मायलेकी एसटीनं परतल्या. राजेश्वरीचं डोकं जात्यासारखं होतं. हळू फिरायचं, पण दाणा आत पडला की पीठ करूनच सोडायचं. सगळ्या रस्त्यात ते एकच वाक्य आत फिरत होतं. येरमाळ्याला गाडी थांबली, डोंगर समोर आला आणि द्वारकाबाईनं सवयीनं हात जोडले. "आई येडाई, लेकराला बरं कर." मग लेकीचे हात धरून तेही जोडायला लागली.

राजेश्वरीने हात ओढून घेतले. "म्या आजारी न्हाय."

"गप. हात जोड."

"आजारी न्हाय म्हणली ती. मग इतकी वर्सं उपाशी कामून ठिवलंस मला?"

"हळू बोल की गं, लोक बघायलेत!"

"बघू दे," राजेश्वरी म्हणाली. तिला राग आला होता. आजवर तिला राग आलाच नव्हता असं नाही. पण तो नेहमी स्वतःवर यायचा, आपल्याला का कळत नाही म्हणून. आज पहिल्यांदा तो दुसरीकडे वळला. आईनं तिच्या दंडाला चिमटा काढला. तिनं तो सोसला आणि हात मांडीखाली घालून बसली.

डॉक्टरचा कागद हवा तसा मिळाला नाही, तरी रणधीर मागं हटणारा नव्हता. भूमला आठवडी बाजाराच्या दिवशी रेवणसिद्धअण्णांच्या दुकानात बैठक ठरली. तोवर रोज संध्याकाळी तो बहिणीला समोर बसवायचा.

"म्हण. लग्नाआधी मला समदं येत हुतं."

"लग्नाआधी मला समदं येत हुतं."

"सासूनं डोक्यात मारल्यापासनं मला काय सुधरत न्हाय."

चुकलं की डोक्यावर टपली. चार-पाच दिवसांत तिचं वाक्य चोख पाठ झालं. रणधीर खूश झाला. "बघ, ध्यानात ठिवायचं म्हणलं की ऱ्हातंय की!"

पाठ झालं होतं, पण ते म्हणताना दरवेळी तिला कसंतरी व्हायचं. खोटं बोलायची तिला भीती होती असं नाही. कप फोडून मांजरावर घालण्याइतकं खोटं तिलाही येत होतं. हे वेगळं होतं. लग्नाआधी सगळं येत होतं, तर शाळेत मागच्या भिंतीपाशी बसलेली ती कोण? कडी लावलेल्या खोलीत पाहुणे जायची वाट बघणारी कोण? डोंगर चढून चढून दमलेली कोण? त्या पोरीला ह्या वाक्यात कुठंच जागा नव्हती. दादा म्हणत होता ते म्हटलं की ती पोरगी जगातून पुसूनच जाणार होती. आणि तिच्याशिवाय राजेश्वरीजवळ दुसरं होतं काय?

बैठकीच्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्यांच्या थप्प्यांमध्ये सतरंजी अंथरलेली. एका बाजूला शंभू आणि गोदाबाई, समोर रणधीर, द्वारकाबाई आणि राजेश्वरी. मध्ये रेवणसिद्धअण्णा, लग्न आपण जुळवलं या पश्चात्तापाने आधीच घामाघूम झालेले.

गोदाबाईनं चहाचा कप हातात घेण्याआधीच तोंड सोडलं. "पोहे एकीनं केलं, उत्तरं एकीनं दिली, आन् पदरात बांधलं हे! मेंढरू बाजारात इकायचं तरी लोक दात दावत्यात. तुमी तेवढंबी केलं न्हाय."

"आमची पोरगी सोन्यासारखी हुती!" रणधीर मांडीवर हात आपटून म्हणाला. "तुमी फुंकणीनं डोकं फोडलंत, तवापासनं ही अशी झाली. टाके हायत कपाळाला. पोलिसात गेलो तर जामीन घ्यायला माणूस मिळायचं न्हाय तुमाला."

"अहो हळू, हळू," अण्णा म्हणाले. "बाहेर गिऱ्हाईक हायत."

"असू द्या! ही जलमाची येडी हाय, आख्खा गाव सांगंल."

"कोण सांगतंय, आणा त्याला फुडं!"

दोघं एकमेकांच्या अंगावर बोलत राहिले. राजेश्वरी मध्येच होती, पण पोत्यासारखी. तिच्या जन्माचं, डोक्याचं, नांदण्याचं सगळं बोललं जात होतं आणि कुणाचा डोळा तिच्याकडे वळत नव्हता. शेवटी रणधीरनेच हुकमाचं पान काढलं.

"तिलाच इचारा ना. तिच्या तोंडूनच ऐका. राजी, सांग."

सगळे वळले. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, एकही शब्द इकडचा तिकडं झालेला नव्हता.

"आत्याबाईनं मारलं," ती म्हणाली. "फुंकणीनं मारलं. ते खरं हाय."

"ऐका!" रणधीर म्हणाला. "फुडं सांग."

"पण त्यानं असं झालं न्हाय. म्या आधीपासनंच अशी हाय."

बाहेर तराजूच्या पारड्यात वजन टाकल्याचा आवाज आला. रणधीरचं तोंड उघडंच राहिलं. मग तो ओढून ताणून हसला. "घाबरलीय ती. माणसं बघून गडबडती."

"घाबरले न्हाय. तू पाठ करून घेतलंस ते बी ध्यानात हाय. म्हणून दावू?" आणि तिनं म्हणून दाखवलं, अगदी त्याच्याच सुरात. "'लग्नाआधी मला समदं येत हुतं. सासूनं डोक्यात मारल्यापासनं मला काय सुधरत न्हाय.' हे म्हणायचं हुतं. पण ते खोटं हाय दादा. मला आधी बी येत नव्हतं. पाहुणं आले की तूच कडी लावायचास की."

रणधीर तिच्या अंगावर धावून उठला. अण्णांनी त्याचा दंड धरला. आणि गोदाबाई टाळ्या पिटायचीच काय ती बाकी राहिली. "बघा! येडं झालं तरी खरं बोललं! मिटलं का आता?"

"तुमी हसू नका," राजेश्वरी तिच्याकडे वळून म्हणाली. "दूध माझ्याकडनं नासलं. चुकलं माझं. पण म्या अशी हाय म्हणून मारलेलं खोटं हुत न्हाय. एक काम सांगितलं असतं तर केलं असतं म्या. तुमी चार सांगायच्या." मग तिनं शंभूकडे बघितलं. "आन् तुमी दारात हुता."

शंभू आपल्या चपलांकडे बघत होता. "आईपुढं काय बोलणार," तो पुटपुटला.

अण्णांनी घसा साफ केला. झालं गेलं विसरून पोरीला पदरात घ्यावी, असलं काहीतरी त्यांनी सुरू केलं. गोदाबाईनं ते अर्ध्यातच तोडलं. "मेले तरी उंबऱ्याच्या आत घेणार न्हाय."

"म्या बी येत न्हाय," राजेश्वरी म्हणाली.

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. गोदाबाईचा चेहरा असा झाला की जणू आता खरा अपमान झाला. नाकारायचा हक्क आजवर एकाच बाजूचा होता. "बघा, वर तोंड करून बोलतीय!" ती ओरडली, आणि सोडचिठ्ठीचं बोलणं तिथंच, पोत्यांच्या मध्ये, दहा मिनिटांत उरकलं.

रणधीर बाहेर येऊन गाडीला किक मारून निघून गेला. आईलाही मागं बसवलं नाही. मायलेकी स्टँडवर आल्या. बाजाराची गर्दी, गाडीचा पत्ता नाही. द्वारकाबाई खांबाला टेकून खाली बसली आणि लेकीकडे न बघता बोलायला लागली. "माझ्या लेकानं चार माणसांत मान खाली घातली तुझ्यापायी. जलमल्या जलमल्या का मेली न्हाईस गं तू?"

राजेश्वरी तिच्या शेजारी उभी होती. असलं तिनं आधीही ऐकलं होतं आणि दरवेळी ती रडली होती.

"म्या बी तुझीच हाय," ती म्हणाली.

आईनं पदर तोंडावर ओढला. गाडी येईपर्यंत, आणि गाडीतही, तिनं तो खाली घेतला नाही.

घरी पोचल्यावर अर्पिताने तिचं अंथरूण ओट्यावर आणून टाकलं होतं. मागची खोली आता धान्याला लागणार होती. रणधीरने शेतातल्या पत्र्याच्या शेडकडे बोट केलं. "तिकडं ऱ्हा. तुला खरं बोलायची लई हौस हाय ना, तिकडं दगडास्नी सांग." त्या दिवसापासून तो बहिणीशी बोलेनासा झाला. गावात कुणी विषय काढला तर "मला बहीण न्हाय" म्हणायचा.

शेडमध्ये उन्हानं पत्रा तापायचा, दिवसभर जीव उकडून निघायचा. राजेश्वरी पहिले काही दिवस खूप रडली. आपण सगळं हातचं घालवलं, दादाचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण कडी नव्हती. दार तिला वाटेल तेव्हा उघडायचं, वाटेल तेव्हा लागायचं. आई भाकरी घेऊन यायची ती बाहेरच ठेवून जायची. एका दुपारी ती ठेवून गेली नाही. दारात उभी राहिली, मग आत आली, चुलीपाशी बसली.

"ती डॉक्टरीण काय म्हणली हुती गं?" तिनं विचारलं. "एका येळी एक सांगायचं?"

"व्हय."

द्वारकाबाईनं चुलीतली लाकडं सारखी केली. मग म्हणाली, "पाणी ठिव." राजेश्वरीने पाणी ठेवलं. "आता चहाची पूड टाक." तिनं पूड टाकली. आई एकेक सांगत गेली, ती एकेक करत गेली. चहा चहासारखा झाला. आईनं तो प्यायला आणि का कोण जाणे, तिला रडू कोसळलं. राजेश्वरीने तिची समजूत काढली नाही. तिच्यातला राग अजून निवला नव्हता, आणि तो इतक्यात निवावा असं तिला वाटतही नव्हतं.

आईच्या तुकड्यावर किती दिवस काढणार? येरमाळ्याच्या फाट्यावर, हायवेला लागून, महेश्वरीबाई नावाच्या एका विधवेची खानावळ होती. बाई तोंडाची फाटकी. ड्रायव्हरसुद्धा तिला टरकून असायचे. राजेश्वरी एका सकाळी चालत तिथं गेली आणि काम मागितलं.

महेश्वरीबाईनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू ती येडी न्हवं का? भूमच्या बैठकीतली?"

"येडी न्हाय. मला उशिरा कळतंय. एका येळी एकच सांगायचं. दोन सांगितली तर चुकतंय." आजवर सगळ्यांनी तिला हे झाकायला शिकवलं होतं. ते कुणाला आधीच, आपणहून सांगायची ही पहिलीच वेळ.

"भाकरी येती का?"

"येती. घाई केली न्हाय तर चांगली येती."

"हितं समद्यास्नीच घाई असती," बाई खेकसली. "बस तव्यावर. बघते."

सोपं नव्हतं ते. दुसऱ्याच दिवशी गर्दीत बाईनं तिला ताटं लावायला सांगितली आणि तिनं एकाची आमटी दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला दिली. एका ट्रकवाल्याने ताट ढकलून शिवी हासडली. महेश्वरीबाई आधी त्याच्यावर ओरडली, मग तिच्यावर. राजेश्वरी मागं जाऊन हौदापाशी उभी राहिली. पळून शेडवर जावं, असं पायांना वाटत होतं. तोंडावर पाणी मारून ती परत आली आणि बाईसमोर उभी राहिली.

"म्या सांगितलं हुतं, दोन सांगू नका म्हणून."

"मलाच शिकवायलीस व्हय?"

"व्हय."

महेश्वरीबाईनं तव्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "तव्यावरनं उठायचं न्हाय. ताटाला हात लावलास तर हात मोडीन." आणि त्यानंतर राजेश्वरी तव्यावरून उठली नाही. शिव्या थांबल्या नाहीत; त्या बाईच्या तोंडी श्वासासारख्या होत्या, आणि सगळ्यांनाच सारख्या मिळायच्या. राजेश्वरीला त्यातला फरक कळायला लागला. ह्या शिव्या भाकरीला असायच्या, तिला नव्हत्या.

हिवाळ्याच्या सुरुवातीला एकदा दुपारी रणधीर खानावळीत आला. बरोबर बार्शीकडचे दोन पाहुणे होते, इस्त्रीचे कपडे घातलेले. कसल्या तरी व्यवहाराची बोलणी चालली होती. बहीण कुठंतरी कामाला लागलीय हे त्याने ऐकलं असेल, पण कुठं ते विचारायचं त्याने कटाक्षाने टाळलं असणार. तिघं बसले, ताटं आली, आणि मग त्याची नजर तव्याकडे गेली. त्याने ती झटकन वळवली.

राजेश्वरीने त्याला बघितलं. तव्यावरची भाकरी तिनं आधी नीट भाजून घेतली. मग महेश्वरीबाईकडे न बघताच ती उठली, भाकरी हातात घेतली आणि त्याच्या टेबलापाशी गेली.

"दादा, गरम हाय. वाढू?"

रणधीर ताटाकडे बघत राहिला. पाहुण्यांपैकी एकानं हसून विचारलं, "वळख हाय व्हय तुमची?"

"न्हाय," रणधीर म्हणाला.

"हाय," राजेश्वरी म्हणाली. "म्या सख्खी बहीण हाय ह्यांची. राजेश्वरी. बलभीमची धाकटी."

पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. रणधीरने ताट सरकवलं, तो उठला आणि "चला, दुसरीकडं बसू" म्हणत बाहेर पडला. पाहुणे गोंधळून त्याच्या मागं गेले. त्यातला एक दारातून परत वळून तिच्याकडे बघून गेला.

"गिऱ्हाईक पळवलंस की गं माझं!" महेश्वरीबाई गल्ल्यावरून ओरडली.

"पळवलं न्हाय. त्यो आपून पळाला."

रणधीरने हात न लावलेल्या ताटात तिनं ती भाकरी ठेवली, टेबल पुसून घेतलं आणि ताट उचलून आत नेलं. तिला भूक लागली होती. चुलीमागच्या पाटावर बसून तिनं पहिला घास मोडला.